ट्यूबलेस टायर : आधी रुंदी, नक्षी शेवटी

सायकलविषयक प्रश्नांच्या या सदराकडे या वेळी आलेली बहुतेक पत्रे खडबडीत रस्त्यांसाठी ट्यूबलेस टायर कसे निवडावेत आणि कसे सांभाळावेत याच विषयावरची आहेत. त्यामुळे इतर प्रश्न पुढे ढकलून संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रांतील मजकूर आवश्यक तेवढा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझ्या रोजच्या तीस किलोमीटरच्या वाटेत निम्मा रस्ता उखडलेल्या डांबराचा आणि निम्मा खडीचा आहे. सायकलला ३२ मिमी रुंदीचे, ट्यूब असलेले टायर आहेत आणि त्यांत मी ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरतो, तरीही महिन्यातून दोन-तीन वेळा पंक्चर होतेच. रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ असे छापलेले आहे. ट्यूबलेस घ्या असे सोबतचे सगळेच सांगतात, परंतु कोणता टायर घ्यावा याबाबत त्यांच्यात दोघांचेही एकमत नाही. माझे वजन ७२ किलो आहे. मी काय पाहून निवड करावी?

उत्तर : टायर पाहायला जाण्यापूर्वी घरात पडलेल्या पंक्चर ट्यूबा बाहेर काढाव्यात आणि हवा भरून, पाण्यात बुडवून, प्रत्येकीला भोक नेमके कोठे पडले आहे ते पाहावे. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर ते चिमट्याचे पंक्चर होय. खड्ड्याच्या धारेवर किंवा दगडावर चाक आदळले, टायर पूर्ण दबला आणि दगड व रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली गेली, असा त्याचा अर्थ होतो. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काटा, काच किंवा तारेचा तुकडा आत शिरला असे समजावे. भोक रिमकडच्या अंगाला असेल तर मात्र रस्त्याला दोष देऊ नये, कारण तेथे बहुधा रिमची पट्टी सरकलेली असते आणि स्पोकच्या भोकाची धार ट्यूबला कापत असते.

हे पाहणे एवढ्यासाठी महत्त्वाचे आहे की ट्यूबलेस टायर या तिन्ही दुखण्यांवर सारखा उपाय करत नाही. ट्यूबच नसल्यामुळे ती चिमटण्याचा प्रश्न उरत नाही, म्हणून पहिला प्रकार जवळजवळ संपतो. अतिशय जोराच्या आघाताने टायरचीच कडा कापली जाऊ शकते, पण ते क्वचित घडते. काट्याचे बारीक भोक आतील सीलंट, म्हणजे भोक बुजवणारे द्रव, बहुतेक वेळा चालत्या चाकातच बंद करते आणि स्वाराला ते कळतही नाही. तिसरा प्रकार मात्र ट्यूबलेसमध्ये वेगळ्या रूपाने परत येतो, कारण रिमची पट्टी नीट बसलेली नसेल तर तेथून हवा हळूहळू झिरपत राहते.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा माझ्या मते ३२ नसून ८० हा आहे. पंक्चर टाळण्यासाठी हवा जास्त भरण्याची सवय ट्यूबच्या टायरने लावली, आणि तेथे ती काही प्रमाणात योग्यही होती, कारण कमी हवेत चिमट्याचे पंक्चर लवकर होते. परंतु खडीच्या रस्त्यावर कडक टायर दगडावरून पुढे जाताना दगडाला सामावून घेत नाही. तो सायकलीला आणि स्वाराला वर उचलतो आणि पुन्हा खाली आपटतो. पुढे जाण्यासाठी पायांनी लावलेली शक्ती अशा रीतीने वर-खाली होण्यात आणि अंगाच्या थरथरण्यात खर्च होते. गुळगुळीत पृष्ठभागावर जास्त दाबाचा टायर थोडा हलका चालतो हे खरे आहे, पण खडबडीत रस्त्यावर एका मर्यादेनंतर दाब वाढवला की सायकल जड चालू लागते, आणि ती मर्यादा आपण समजतो त्यापेक्षा बरीच खाली असते. ट्यूबलेस टायरचे खरे देणे येथे आहे. चिमट्याची भीती गेल्यामुळे हवा कमी ठेवता येते, आणि हवा कमी ठेवता आल्यामुळे पकड, आराम आणि वेग या तिन्ही गोष्टी एकदम सुधारतात. पंक्चर आपोआप बुजणे हा मी दुसऱ्या क्रमांकाचा लाभ मानतो. आपण ट्यूबलेस टायर घेऊन त्यांत पुन्हा ८० पीएसआय हवा भरणार असाल तर सीलंटचा खटाटोप वाढेल आणि हाताला बसणारे हादरे होते तसेच राहतील. शिवाय एवढ्या दाबाला सीलंट भोकावर टिकण्याऐवजी पिचकारीसारखे बाहेर उडते.

म्हणून निवडीचा पहिला निकष रुंदी हा आहे. टायरमध्ये मावणारी हवा रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३२ मिमीऐवजी ४० मिमी टायर बसवला तर रुंदी फक्त पाव पट वाढते, पण हवा सुमारे दीडपट मावते. तेवढ्याच धक्क्याला टायर पूर्ण दबण्याची शक्यता त्यामुळे कमी होते आणि दाब आणखी खाली आणता येतो. खडीच्या वाटेवर निदान ३८ ते ४५ मिमी रुंदी असावी असे मला वाटते. ती आपल्या सायकलीत मावते की नाही हे मात्र मोजपट्टीने पाहावे लागेल. मागच्या चाकाजवळ फ्रेमच्या दोन खालच्या नळ्यांमधील अंतर बहुधा सर्वांत अरुंद असते, तेथे टायरच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. चिखलाच्या रस्त्यावर त्याहून अधिक. मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की टायरवर छापलेली रुंदी ठरावीक रिमवरची असते, आणि रिम आतून जितकी रुंद तितका टायर अधिक फुगतो. ४० असे छापलेला टायर रुंद रिमवर ४२ भरला तर त्यात फसवणूक काही नाही.

दुसरा निकष कॅसिंगचा, म्हणजे ज्या कापडी थरांवर रबर चढवलेले असते त्या टायरच्या गाभ्याचा. जाहिरातीत याबद्दल फार थोडे असते आणि रस्त्यावर सर्वाधिक फरक याचाच पडतो. एका इंचात धागे किती हा आकडा पुष्कळ टायरांवर दिलेला असतो. ६० असेल तर धागे जाड आणि टायर दणकट पण थोडा ताठ, १२० असेल तर धागे बारीक आणि टायर लवचीक, असे ढोबळ मानाने म्हणता येते. परंतु काही उत्पादक एकावर एक असलेल्या थरांचे धागे एकत्र मोजतात आणि काही मोजत नाहीत, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. लवचीक टायर खडीवरून सुखाने जातो, पण धारदार दगडांच्या वाटेवर त्याच्या बाजू चिरल्या जातात आणि बाजूला पडलेली चीर सीलंटला सहसा बुजवता येत नाही, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकत असतो. आपला निम्मा रस्ता उखडलेल्या डांबराचा आहे, म्हणजे तेथे धारदार कडा भरपूर असणार. तेव्हा आपण सर्वांत हलक्या टायरच्या मोहात न पडता बाजूंना संरक्षक थर दिलेला मध्यम वजनाचा टायर घ्यावा. प्रत्येक टायरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढतील. ते आपल्याला पहिल्या दिवशी जाणवतील आणि आठवड्यात विसरले जातील.

नक्षीचा क्रमांक यानंतर येतो, जरी दुकानात नजर पहिली तिच्यावरच जाते. घट्ट बसलेल्या कोरड्या मातीवर आणि खडीवर मधोमध जवळजवळ बसवलेले, कमी उंचीचे उंचवटे पुरतात. सुट्या खडीच्या वळणांवर बाजूचे उंचवटे ठळक असले की चाक घसरत नाही. चिखलासाठी उंचवटे दूर दूर हवेत, म्हणजे अडकलेला चिखल झटकला जातो. डांबरावर मात्र उंच उंचवटे प्रत्येक फेऱ्याला मुडपतात, आवाज करतात आणि लवकर झिजतात. आपल्यासारख्या अर्ध्या-अर्ध्या वाटेसाठी मध्यभागी जवळपास सपाट आणि कडांना नक्षी असलेला टायर योग्य ठरेल. पुढच्या चाकाला थोडा अधिक पकड असलेला आणि मागच्या चाकाला हलका चालणारा टायर बसवण्याची पद्धतही चांगली आहे, कारण पुढचे चाक घसरले तर सावरणे फार कठीण असते. याच कारणासाठी, मागचा टायर झिजला की पुढचा टायर मागे न्यावा आणि नवा पुढे बसवावा. झिजलेला टायर पुढे कधीही नेऊ नये.

प्रश्न : माझी सायकल जुनी आहे आणि रिमवर ट्यूबलेसचा कोणताही उल्लेख नाही. रिमवर चिकटपट्टी लावून साधा टायरच ट्यूबलेस करता येतो असे ऐकले आहे. ते कितपत सुरक्षित आहे? तसेच टायरवरील ४०-६२२, ७०० आणि २९ इंच या आकड्यांचा परस्परसंबंध काय?

उत्तर : साध्या टायरचे असे रूपांतर मी सुचवणार नाही. टायरच्या दोन्ही आतल्या कडांना बीड म्हणतात. ट्यूबलेस टायरची बीड न ताणणाऱ्या तंतूंची असते आणि तिचा आकार रिमच्या खाचेत घट्ट बसेल असा घडवलेला असतो. साध्या टायरची बीड ट्यूब आतून रेटून धरते हे गृहीत धरूनच बनवलेली असते. ट्यूब काढून टाकल्यावर ती ताणली गेली किंवा वळणावर रिमवरून सुटली तर सर्व हवा क्षणात निघून जाते, आणि हे पुढच्या चाकाला उतारावर घडले तर काय होईल याची कल्पना करावी. डोंगरी सायकलींवर, अगदी कमी दाबाला, पुष्कळांनी असे प्रयोग केले आहेत आणि त्यांतील काही यशस्वीही झाले आहेत, परंतु रोजच्या वाहनावर असा प्रयोग कशाला करावा? रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले असतील तरच या वाटेला जावे.

रिममध्येही दोन जाती आहेत. एकीच्या आतील काठाला हुक असतो, तो बीडला अडवून धरतो; दुसरी हुकलेस, तिचे काठ सरळ असतात. हुकलेस रिमवर ट्यूबलेससाठीचाच टायर बसवावा लागतो, आत ट्यूब घातली तरीही, आणि तिच्यासाठी प्रमाणित कमाल दाब ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय इतका आहे. खडबडीत रस्त्यावरचे रुंद टायर याच्या निम्म्या दाबावर चालत असल्यामुळे ही मर्यादा व्यवहारात आड येत नाही, तथापि रिमच्या उत्पादकाने कोणते टायर चालतात याची यादी दिली असेल तर ती पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. टायर आणि रिम यांवर वेगवेगळा कमाल दाब छापलेला असेल तर दोहोंतील कमी आकडा पाळायचा.

आकड्यांविषयी. ४०-६२२ यातील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर बीड जेथे बसते तेथील व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये, दाखवतो. ७०० आणि २९ इंच ही एकाच ६२२ व्यासाची दोन नावे आहेत. अरुंद टायरला पहिले आणि रुंद टायरला दुसरे नाव लावण्याची प्रथा पडली आहे. ६५०-बी आणि साडेसत्तावीस इंच यांचा व्यास ५८४, तर डोंगरी सायकलींच्या जुन्या २६ इंचांचा ५५९ असतो. इंचांच्या नावांनी गोंधळ होतो, म्हणून खरेदीच्या वेळी दुसरा आकडाच जुळवून पाहावा. डिस्क ब्रेकच्या काही सायकलींत रुंद ६२२ टायर मावत नाही, पण लहान ५८४ चाकावरचा जाड टायर मावतो. ५८४ वर ४७ मिमी टायर आणि ६२२ वर २८ मिमी टायर यांचा बाहेरचा व्यास सारखाच, ६७८ मिमी भरतो. ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर मात्र हा मार्ग सहसा बंद होतो, कारण त्यांची पोच लहान रिमपर्यंत नसते.

प्रश्न : ट्यूबलेस टायरमध्ये हवा किती ठेवावी? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

उत्तर : प्रत्येकाचे वजन, टायर आणि रस्ता वेगळा असल्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. सुरुवातीसाठी आकडे देतो. सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या स्वाराने ४० मिमी टायरमध्ये पुढे ३३ आणि मागे ३६ पीएसआय, आणि सव्वादोन इंच रुंदीच्या डोंगरी टायरमध्ये पुढे २२ व मागे २५ पीएसआय ठेवून पाहावे. मागच्या चाकावर भार अधिक येतो म्हणून तेथे दोन-तीन पीएसआय जास्त. वजनात दर पाच किलोंमागे साधारण दोन पीएसआय वाढवावेत किंवा कमी करावेत. सामान लादलेले असेल तर तेही वजनात धरावे.

रुंद टायरला कमी दाब पुरतो याचे कारण अनेकांना पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. टायरच्या कापडावर येणारा ताण दाब आणि टायरची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. त्यामुळे ४० मिमी टायर ४५ पीएसआयला जितका ताठ असतो तितका ताठपणा आणण्यासाठी ३२ मिमी टायरला ५६ पीएसआय लागतात. अंगठ्याने दाबून हवा तपासणारा मनुष्य येथेच फसतो, कारण रुंद टायर बोटाला टणक लागतो तेव्हा त्यात हवा गरजेपेक्षा जास्त झालेली असते. दुसरी बाब अशी की टायरचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळपणे भार भागिले दाब इतका असतो. चाकावर ४० किलो भार असेल तर ८० पीएसआयला तो सुमारे ७ चौरस सेंटीमीटर आणि ४० पीएसआयला १४ चौरस सेंटीमीटर होतो. सुट्या खडीवर पकड दुप्पट जागेवर विभागली जाणे म्हणजे काय, हे एकदा चालवून पाहिल्यावर समजते.

आकडा ठरवण्याची माझी रीत सोपी आहे. ओळखीचा, खडबडीत आणि वळणांचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा निवडावा आणि दर फेरीला दोन पीएसआय हवा कमी करत जावे. वळणावर टायर बाजूला मुडपल्यासारखा वाटला, किंवा दगडावर रिम टेकल्याचा ‘टक्’ असा आवाज आला, की आपण फार खाली आलो. तेथून दोन-तीन पीएसआय वर जाऊन थांबावे आणि आकडा लिहून ठेवावा. त्यापेक्षा खाली राहिल्यास बाजूचा जोर बसताच बीड क्षणभर सुटून हवेचा घोट बाहेर पडतो, आणि रिमला पोचा पडतो तो वेगळाच. यासाठी कमी दाब नीट दाखवणारा मापक मात्र हवा. मोठ्या पंपावरील १६० पर्यंतच्या तबकडीवर ३३ आणि ३६ यांतील फरक काट्याच्या जाडीतच हरवतो.

प्रश्न : नवा टायर घरी बसवताना मोठ्या पंपाने कितीही हवा मारली तरी ती कडेने निघून जाते आणि टायर फुगतच नाही. माझ्याकडे कॉम्प्रेसर नाही. काही उपाय आहे का?

उत्तर : सुरुवात रिमच्या पट्टीपासून करावी. ही पट्टी खास ट्यूबलेससाठीची, रिमच्या आतील रुंदीपेक्षा दोन ते चार मिमी जास्त रुंद असावी, म्हणजे २१ मिमी रिमला २३ ते २५ मिमी. रिम स्पिरिटने पुसून तेल आणि जुना चिकटपणा काढावा, पट्टी ताणून धरत एक फेरी पूर्ण करावी आणि व्हॉल्व्हच्या भोकावर दोन्ही टोके काही इंच एकमेकांवर येऊ द्यावीत. भोक कात्रीने कापू नये. तापवलेल्या दाभणाने पाडले तर पट्टी पुढे फाटत नाही. व्हॉल्व्हची नटबोल्टसारखी कडी हाताने घट्ट करावी, पकडीने नव्हे, कारण रस्त्यात ट्यूब घालण्याची वेळ आली तर ती हातानेच सोडवावी लागणार आहे.

आपल्या नव्या टायरची अडचण बहुधा घडीची आहे. घडी करून ठेवलेल्या टायरच्या बीडला पिळ बसलेला असतो आणि ती रिमला सगळीकडे टेकत नाही, त्यामुळे हवा जेवढी आत जाते तेवढी बाहेर येते. टायर आत ट्यूब घालून फुगवावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी एकाच बाजूची बीड सोडवून ट्यूब काढावी. दुसऱ्या बाजूची बीड जागेवर बसलेलीच राहते, म्हणून आता फक्त एक बाजू बसवायची उरते. सुटी बाजू आत घालताना व्हॉल्व्हजवळचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा आणि बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणावी, म्हणजे पान्याची जबरदस्ती करावी लागत नाही आणि पट्टीही सोलवटत नाही. बीडला साबणाचे पाणी लावावे. व्हॉल्व्हमधील सुटी होणारी आतली पिन, जिला कोर म्हणतात, काढून टाकावी, म्हणजे हवेला मोठी वाट मिळते, आणि मग न थांबता जोरजोराने पंप मारावा. बीड जागेवर बसताना ‘फट्’ असा आवाज दोन-तीनदा येतो. तो ऐकून दचकू नये, आणि तो यावा म्हणून छापलेल्या कमाल दाबाच्या पुढेही जाऊ नये. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला असे समजावे.

सीलंट या सगळ्यानंतर, कोर काढलेल्या व्हॉल्व्हमधून घालावे. आधी घातले तर फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाबरोबर ते भिंतीवर आणि कपड्यांवर येते.

प्रश्न : सीलंट किती घालावे आणि किती दिवसांनी बदलावे? सीलंटशिवाय चालणार नाही का?

उत्तर : १९९९ मध्ये माविक, मिशेलिन आणि हचिन्सन या कंपन्यांनी मिळून यूएसटी नावाची जी ट्यूबलेस पद्धत आणली, तिच्यात टायर स्वतःच हवाबंद होता आणि सीलंट ऐच्छिक होते, पण तो टायर जड असे. आजचे ‘ट्यूबलेस रेडी’ टायर त्याहून हलके आहेत ते आतला हवाबंद थर कमी करून. त्यांच्या बाजूंमधून हवा थोडीथोडी झिरपते आणि ती छिद्रे सीलंटनेच भरायची असतात. म्हणून आज सीलंट हा टायरचाच भाग आहे असे समजावे.

४० मिमी टायरला सुमारे ६० मिलि, ३२ मिमीला ४० मिलि आणि २९ इंची डोंगरी टायरला १०० मिलि हे प्रमाण ठीक आहे. नवा टायर थोडे शोषून घेतो, म्हणून पहिल्या वेळी थोडे अधिक घालावे. प्रचलित सीलंट बहुतांशी रबराच्या चिकाचे असते आणि त्यातील पाणी उडून गेले की आत रबराची साय आणि गोळे तेवढे उरतात. उष्ण व कोरड्या हवेत ही अवस्था दोन-तीन महिन्यांत येते, थंड हवेत पाच-सहा महिने लागतात. चाक कानाजवळ धरून हलवावे. आत खळखळ ऐकू आली नाही तर भर घालायची वेळ झाली. अधिक खात्री हवी असेल तर कोर काढून, व्हॉल्व्ह खाली नेऊन, आत प्लॅस्टिकची पातळ पट्टी बुडवून पाहावी. कोरमध्येही सीलंट साचून ती तुंबते, तेव्हा एक-दोन सुट्या कोर घरात असाव्यात. कार्बन डायऑक्साइडच्या लहान नळकांड्याने हवा भरली तर काही सीलंट आतल्या आत गोठतात. बाटलीवर तशी सूचना असेल तर ते नळकांडे अडचणीच्या प्रसंगापुरतेच वापरावे.

दोन कंपन्यांची सीलंट एकमेकांत मिसळू नयेत. वर्षातून एकदा टायर उतरवून साय सोलून काढावी, आणि त्याच वेळी टायरच्या आतल्या अंगावरून बोट सावकाश फिरवावे. तेथे किती काटे अडकून बसलेले सापडतात हे पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

प्रश्न : लांबच्या प्रवासात टायरला मोठी चीर पडली आणि सीलंट ती बुजवू शकले नाही तर काय करावे? अशा वेळी ट्यूबचा टायरच बरा म्हणायचा का?

उत्तर : अशा वेळी ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबच घालायची असते, म्हणून एक ट्यूब सोबत ठेवणे सुटत नाही. पण त्याआधी दोन पायऱ्या आहेत. भोक लहान असेल तर ते खालच्या बाजूला येईल असे चाक फिरवून मिनिटभर थांबावे, म्हणजे सीलंट तेथे साचते. तरीही हवा थांबली नाही तर रबराची चिकट दोरी, जिला प्लग म्हणतात, काटेरी सुईने भोकात खुपसावी आणि सुई ओढून घ्यावी. दोरी तेथेच राहते आणि सीलंट तिच्याभोवती जमते. खिळा टायरमध्ये रुतलेला दिसला तर प्लग सुईत ओवून हातात तयार ठेवावा आणि मगच खिळा उपसावा, म्हणजे हवा फारशी जात नाही. टायर रिमवरून न उतरवता दोन मिनिटांत होणारी ही दुरुस्ती आहे आणि नीट बसलेला प्लग टायर झिजेपर्यंत टिकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

बाजूची लांब चीर मात्र प्लगने भागत नाही. टायर एका बाजूने उतरवावा, व्हॉल्व्ह काढावा, चिरीच्या आतून जुन्या टायरचा किंवा टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा लावावा आणि ट्यूब घालावी. येथे पुष्कळ जण एक चूक करतात. ट्यूबलेस टायरने महिनोन्महिने गुपचूप पचवलेले काटे आतल्या बाजूला टोके काढून बसलेले असतात. ते न उपसता ट्यूब घातली तर ती पहिल्या किलोमीटरलाच बसते. एकदा उतरत्या उन्हात मी स्वतः ही चूक केली आहे, आणि ट्यूब एकच असल्यामुळे उरलेली वाट सायकल हाताने ढकलत पार केली. तेव्हापासून टायरच्या आत हात फिरवण्याआधी मी ट्यूब पिशवीतून बाहेरही काढत नाही.

प्रश्न : माझी सायकल आठवड्यातून एकदा, चार-पाच किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर निघते. कधी महिना-दोन महिने ती उभीच असते. मीही ट्यूबलेस घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उभ्या सायकलीत सीलंट खाली साचून वाळते, हवा उतरते, बीड सुटू शकते, आणि आपण सायकल बाहेर काढाल तेव्हा चालवण्याऐवजी दुरुस्तीच करत बसाल. वजन कमी होते हे कारणही फारसे खरे नाही. ४० मिमीची साधी ट्यूब दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची असते. ती काढून ६० ग्रॅमच्या आसपास सीलंट, शिवाय पट्टी आणि व्हॉल्व्ह घातल्यावर हाती फार थोडे लागते. आपण फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद आणि लवचीक टायर घ्यावा, त्यात ट्यूबच ठेवावी आणि हवा ट्यूबलेसपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरावी. पातळ प्लॅस्टिकच्या, टीपीयू नावाच्या ट्यूबा आता मिळतात. त्या साध्या ट्यूबेपेक्षा निम्म्याहून हलक्या असतात आणि टायरला लवचीक राहू देतात. त्यांना पॅच मात्र त्यांचाच लागतो, रबराच्या ट्यूबेचा चिकटत नाही, आणि टायरमध्ये बसवण्याआधी त्या बाहेर फुगवून पाहू नयेत, कारण मोकळ्या अवस्थेत त्या ताणल्या की मूळ आकाराला परत येत नाहीत.